डोहातली दुसरी मोजणी

"बारा," रंजीता म्हणाली. पाणबुड्यानं वर आणून दिलेली पाटी तिनं उन्हाकडे तिरकी धरून पुन्हा वाचली. "परवा नऊ, काल अकरा, आज बारा."

वरच्या कातळावर उकिडव्या बसलेल्या सुकलूनं तोंडातली काडी काढली.

"बारा तं माह्या आंगनात कोंबड्या हायेत, बाई. तेबी मुंगसानं नेल्यावर."

दोघं पाणबुडे हसले. किनाऱ्याकडची पोरं ती, इथली बोली त्यांना निम्मीच कळत होती. पण सुकलूचा आवाज हसू यावं असाच होता. जहीर हसला नाही. सात-आठ पावलांवर, पळसाखाली, तो कॉम्प्रेसरवर टाकी भरत बसला होता. काट्यावरची नजर हलवायची नाही याला त्याच्याकडे चांगली सबब होती. ही हवा कुणाच्या तरी छातीत जायची होती. इंजिनाचा धूर आत ओढला जाऊ नये म्हणून हवेच्या नळीचं तोंड त्यानं स्वतःच पळसाच्या वरच्या फांदीला बांधलं होतं, वाऱ्याच्या बाजूला. पाणबुड्यांनी ते पाहून मान डोलावली होती. असा मिस्त्री मिळत नाही, म्हणाले होते.

गडचांदूरच्या बसस्टँडमागे जहीरचं दुकान. जळालेल्या मोटारींत नवी तार भरणं, हातपंपांचे वायसर बदलणं आणि विहिरीत उतरून मोटारीच्या पाइपाच्या तळाची जाळी साफ करणं, ही त्याची तीन कामं. पहिली दोन कुणीही करतं. तिसऱ्यासाठी मात्र जिवती-कोरपन्यापर्यंत त्याच्याच नावानं बोलावणं यायचं. फवारणीच्या पंपाची पिवळी नळी दातात धरायची, वर कॉम्प्रेसर चालू ठेवायचा आणि तीस हात खोल गाळात शिरायचं. तेवीस वर्षं त्यानं पाण्याखाली काम केलं. त्यातली पहिली एकवीस त्याला पाण्याखाली काहीही दिसलं नव्हतं. हातांनी चाचपून करायचं काम. डोळे मिटले काय नि उघडे ठेवले काय, सारखंच.

हा डोह तसा नव्हता. डोंगराच्या पोटातून, चुनखडीच्या भेगांतून झिरपलेलं पाणी खाली या घळीत साठे, आणि ऐन एप्रिलात तळाचा गोटा न् गोटा वेगळा दिसावा इतकं नितळ राही. फक्त ते बघायला आत उतरावं लागे. काठावरून पाहिलं तर दिसे ते आभाळ, आणि दोन्ही बाजूंच्या कपारींची काळी सावली. मासे त्या कपारींत. हातभर लांबीचे खडस, पाठीला जुन्या पितळेचा रंग. वरच्या गावानं ते कधी धरले नव्हते. पेनाच्या मासोळ्या होत्या त्या, देवाच्या. सुकलूच्या घराण्याकडे डोहाची राखण होती. कधीपासून, ते कुणाला ठाऊक नव्हतं.

दीड वाजता भोंगा वाजला. खाणीचा, सुरुंगाआधीचा. जहीरनं सवयीनं मनात मोजायला सुरुवात केली. सत्तरावर जमीन हलली, आवाज मागून आला, आणि डोहाच्या मधोमध, जिथं कुणीही दगड टाकला नव्हता तिथं, एक बारीक वर्तुळ उमटून काठापर्यंत आलं.

"जवळ आले," सुकलू म्हणाला. "पहिले घोंगावल्यावानी आवाज ये. आता बुडाखाली कळते."

खाणीचा नवा पट्टा डोहाच्या वरच्या अंगानं आखलेला होता. मोठे मासे चाळीस किंवा जास्त भरले, तर डोह आणि त्याचा झरा राखीव ठेवायचा. कमी भरले, तर हद्द झऱ्यावरून जाणार. झरा गेला की डोह गेला. आकडा आज संध्याकाळी पाठवायचा होता. रंजीता तो पाठवणार होती. भामरागडकडच्या जंगलगावातली मुलगी, प्राणिशास्त्र शिकलेली, बोलायला कमी आणि वही नेटकी. पद्धत वरून ठरून आली होती. समुद्रात, प्रवाळावरचे मासे मोजायची पद्धत तीच इथं लावायची: तळाशी पन्नास मीटर दोरी टाकायची, पाठीवर टाक्या लावलेल्या दोघांनी दोरीवरून सावकाश जायचं आणि दोन्ही बाजूंचे दोन-दोन मीटरांतले मासे पाटीवर मांडायचे.

"मी पाहू का?" सुकलूनं विचारलं.

"मोजून?"

"मोजत नसतेत त्यायले. मोजलं का कमी होतेत." त्यानं शेजारचे पानांचे दोन दोने उचलले. एक मोहाच्या फुलांनी भरलेला, एक रिकामा. "मी मोजत नाई. एक दिसली का एक फूल इथून तिथी. मोजाचं पाप तू कर. तू शिकेल हायेस."

रंजीता पहिल्यांदाच हसली. "करते. पण दोरीवरूनच जायचं. वळून मागं यायचं नाही. तीच मासोळी दोनदा नको."

"एका मासोळीले मी दोनदा वळखनार नाई काऊन? तू तुह्या मायले दोनदा मोजतेस का?"

त्यानं पंचा खोचला, एक बसका धोंडा पोटाशी धरला आणि आवाज न करता पाण्यात गेला. साठीचा माणूस. डोळ्यांवर काच नाही, टाकी नाही, बुडबुडा नाही. पाणी त्याच्यावर मिटलं आणि पुन्हा आभाळ झालं. जहीरनं कॉम्प्रेसर बंद केला होता. त्या शांततेत पळसाचं एक वाळकं पान पडलेलं ऐकू आलं. सुकलू वर आला, एक हात कातळाला, दुसऱ्यानं फुलं इकडची तिकडे. ओठ हलत नव्हते. पुन्हा खाली, दोरीवर जिथं सोडलं होतं तिथूनच. नऊ बुड्यांत त्यानं दोरी संपवली.

रंजीतानं फुलं मोजली. एकसष्ट.

पाणबुडे एकमेकांकडे बघत राहिले. रंजीतानं वही मिटली, डोळ्यांवर काच चढवली, तोंडात आखूड नळी धरली आणि टाकी न लावता स्वतः पाण्यावर पालथी पडली. दोरीच्या वरून, हात न हलवता, तरंगत तरंगत गेली. मध्ये मध्ये दम धरून कपारीपर्यंत खाली. बाहेर आली तेव्हा ओठ निळे पडले होते.

"सत्तावन्न," ती म्हणाली. "लहान धरले नाहीत."

सुकलूनं मांडीवर थाप मारली. "मंग? लिव सत्तावन!"

"तसं लिहिता येत नाही, भाऊ. पद्धतीतला आकडा बारा आहे. दुसरा आकडा द्यायचा तर फरक का पडला ते लिहावं लागतं." ती ओल्या केसांवर टॉवेल धरून बसली. बोलली ती हळू, स्वतःशीच उजळणी केल्यासारखी. "टाकीतून श्वास सोडला की बुडबुडे निघतात. पाण्यात तो आवाज मोठा असतो. मालवणला मी हेच शिकले. जिथं कुणी शिकार करत नाही, तिथले मासे त्या आवाजाला भीत नाहीत. उलट बघायला जवळ येतात. तिथं टाकी लावून मोजा नाहीतर दम धरून, आकडा सारखाच. माझ्या गावच्या डोहात मी दोन्ही मोजण्या केल्या. एकतीस आणि तेहतीस."

"अन् इथी बारा अन् सत्तावन," सुकलू म्हणाला.

"हो. बुडबुड्यांचा आवाज म्हणजे काय, ते इथल्या माशांना माहीत आहे. कुणीतरी तोंडात हवा घेऊन इथं उतरलंय. आणि हात रिकामे ठेवून नाही उतरलेलं."

जहीरच्या हातातला पाना टाकीच्या मानेवरून घसरला. कुणी वळून पाहिलं नाही.

सुकलू मग उठला. डोहाच्या माथ्याशी, जिथं पेनाचे दगड होते आणि त्यांच्यावर झेंड्याचा बांबू, तिथं गेला. बांबूच्या मुळाशी चिंधीत बांधलेलं काहीतरी त्यानं सोडवलं, परत आला आणि रंजीतासमोर ठेवलं. पिवळ्या नळीचा वीतभर तुकडा. एका टोकाला सायकलच्या ट्यूबची काळी पट्टी गच्च गुंडाळलेली.

"दोन हिवाळे झाले. जंगूबाईच्या यात्रेले सारं गाव गेलतं, चार दिवस. माहा पोरगा मुखरू एकटा राह्यला. हरभऱ्यावर फवारनी करतो म्हने. आलो तं काठावर खवले पडेल, हे एवढाले. अन् हे." त्यानं नळीला बोट लावलं नाही, नुसतं दाखवलं. "फवारनीची नळी. गावात एकाच घरी फवारनीचा पंप हाये. माह्या."

"मुखरू काय म्हणाला?"

"नाई म्हने. रडे. मी म्हनलं, राखनदाराच्या घरात चोर निपजला तं म्या लोकायले काय तोंड दाखवू. निंग म्हनलं." त्यानं चिंधीची घडी घातली. "तिकडं मिरची तोडाले गेला, तेलंगनात. दोन सालं झाले. त्याच्या मायनं त्याचा पंप अजून आड्याले टांगून ठेवला."

खाली, पाण्यावर, एक निळा खंड्या सूर मारून रिकामाच परतला.

"लिव," सुकलू म्हणाला. "कारन पाह्यजे ना तुले? लिव. मुखरू सुकलू सिडाम. माह्या पोराचं नाव लिव. डोह राह्यला पाह्यजे. पोराचं तं झालंच हाये."

जहीर त्या तुकड्याकडे बघत होता. दोन हिवाळे तो तुकडा त्यानं दुकानाच्या पेटीत, पिशवीत, मोटारसायकलच्या डिक्कीत शोधला होता.

सुरुवात त्या आधीच्या पावसाळ्यानंतर झाली होती. गावाची पाण्याची मोटार डोहात होती, जाळी तुंबली होती. सुकलूनं त्याला स्वतः आणलं, पेनासमोर कोंबडं सोडलं, हा आपला मानूस हाये, याले येऊ दे, असं काहीसं गोंडीत पुटपुटला, आणि मगच त्याला पाण्यात जाऊ दिलं. जहीर तळाला पोचला आणि जाळीला हात घालायचंच विसरला. एकवीस वर्षांत पहिल्यांदा त्याला पाण्याखाली दिसत होतं. कपारींतून मासे बाहेर आले. एक नाही, दोन नाही, सगळेच. बुडबुड्यांकडे येऊन थांबले, तोंडं वर करून, लग्नाच्या मांडवात नवऱ्याकडे बघत पोरं उभी राहतात तसे. एकानं त्याच्या काचेला नाक लावलं.

घरी जेवताना त्यानं ते सांगितलं. तीच चूक. शगुफ्ता ऐकत राहिली, म्हणाली, "अल्ला, किती नशीब तुमचं." त्याचा भाऊ नदीमही ताटावर होता. नदीमचा मच्छीचा धंदा. तो हसला आणि म्हणाला, "भाईजान, नाकाले नाक लावते म्हनता? मंग गळ बी कायले पाह्यजे." दोन महिने तो तेच बोलत राहिला. जहीर नाही म्हणत राहिला, आणि यात्रेच्या आठवड्यात एक दिवस तो हो म्हणाला. का, ते त्याला आजही नीट सांगता आलं नसतं. पुन्हा एकदा बघायचं होतं, हेही त्यात होतं. सायकलच्या ट्यूबचा रबर ताणून सुटणारा टोकदार गज त्यानं स्वतःच्या हातानं तासला. पहिल्या दिवशी मासे तसेच जवळ आले. बघायला. नेम धरावा लागलाच नाही. दुसऱ्या दिवशी कमी आले. तिसऱ्या दिवशी कॉम्प्रेसर सुरू झाला तसं पाणी रिकामं होताना त्याला काठावरूनच कळलं. चौथ्या दिवशी तो अर्धा तास तळाशी बसून राहिला. आपल्याच बुडबुड्यांच्या आवाजाशिवाय तिथं काही नव्हतं. काठावर चढताना नळी कपारीत अडकून तुटली, आणि तो घाईनं निघून गेला.

मुखरू गाव सोडून गेल्याचं त्याला कळलं ते तीन महिन्यांनी, हातपंप दुरुस्त करताना. बुधरीनं, सुकलूच्या बायकोनं, पाणी दिलं आणि सहज सांगितलं. जहीरनं त्या दिवशी पैसे घेतले नाहीत. हातपंपाचा दांडा तापतो, बायांचे हात भाजतात म्हणून सायकलच्या ट्यूबची पट्टी त्यावर गुंडाळून दिली. गच्च, डावीकडून उजवीकडे, शेवटचं टोक आत खोचून. तो डावखुरा. त्याच्या हाताची पट्टी उलटी फिरायची.

रंजीतानं पेन उघडलं होतं. वहीवर टेकवलं नव्हतं.

"मुखरू हवा कुठून आणणार, भाऊ?" तिनं विचारलं. "फवारणीच्या पंपातून औषध येतं. श्वास घेण्याजोगी हवा येत नाही. त्याला यंत्र लागतं."

बोलताना ती सुकलूकडे बघत नव्हती. पळसाखाली टाकीच्या नळीचा एक जोड सकाळी गळत होता, जहीरनं तो बांधला होता. काळी पट्टी, उलटी फिरवलेली. ती तिकडे बघत होती. मग तिनं नजर काढून घेतली, आणि वाट पाहिली.

"लिव न व बाई," सुकलू म्हणाला. "कायले वेळ लावून राह्यलीस."

"नका लिहू," जहीर म्हणाला.

तो उठून त्यांच्यापर्यंत आला. पाना त्याच्या हातातच होता.

"ते माहं हाये, सुकलूभाऊ."

"काय तुहं?"

"नळी. पट्टी मी बांधेल हाये. मुखरूनं नाई केलं. यात्रेच्या टायमाले मी उतरलो होतो. चार दिवस."

सुकलूनं त्याच्याकडे पाहिलं, मग तुकडा पहिल्यांदाच हातात घेतला आणि पट्टीवर अंगठा फिरवला, एकदा, वेढ्यांच्या दिशेनं. गावातल्या हातपंपावर रोज सकाळी त्याचा हात अशाच पट्टीवरून फिरत होता.

"किती?" त्यानं विचारलं.

"भाऊ..."

"किती नेल्या?"

"एकोनीस."

सुकलूनं भरलेला दोना जवळ ओढला. एक फूल काढून कातळावर ठेवलं. मग दुसरं. या वेळी तो मोठ्यानं मोजत होता. "मेल्यावर मोजाले हरकत नसते," मध्येच तो म्हणाला, कुणालाच नाही. एकोणिसाव्या फुलाशी थांबला, आणि उठून, पंचा तसाच ओला, चढावाला लागला.

"सुकलूभाऊ!"

तो वळला नाही.

रंजीतानं लिहायला घेतलं. तारखा विचारल्या, खोली विचारली, नळीची लांबी विचारली. तिचा आवाज बदलला नाही, आणि त्याबद्दल जहीरला बरं वाटलं.

"सोबत कोण होतं?"

"मशीन माही, हात माहे. एवढंच लिहा, मॅडम."

तिनं तेवढंच लिहिलं. "वनखात्याची केस होईल, जहीरभाऊ. हे मला लपवता येणार नाही."

"होऊ द्या. सत्तावन जाईल का वर?"

"दोन्ही आकडे जातील. कारणासकट. मानतील की नाही..." तिनं वही त्याच्यापुढं धरली. "ते मला माहीत नाही. सही इथं."

त्यानं डाव्या हातानं सही केली. वर, टेकाडाच्या टोकावर, जिथं तेवढी रेंज येते तिथं, सुकलू उभा होता. फोन कानाला लावलेला. बराच वेळ. मग त्यानं फोन डोळ्यांसमोर धरला, पुन्हा कानाला लावला.

यंत्र गाडीत चढवून पाणबुडे गेले, तेव्हा ऊन कलतं झालं होतं. जहीर पायवाटेनं वर गावात आला. त्याची मोटारसायकल नेहमीप्रमाणे हातपंपापाशी उभी होती. एरवी अशा वेळी बुधरी चारोळीची नाहीतर मोहाची पुडी बांधून सीटवर ठेवायची. घरी न्या, तुमच्या बाईले द्या, म्हणायची.

ती पंपावरच होती. पाणी काढत होती. लोखंड लोखंडावर घासल्याचा आवाज दर हापशाला येत होता, आणि तिनं पदर तळहाताला गुंडाळून दांडा धरला होता. दांडा उघडा होता. तिनं मान वर केली नाही. तिच्या मागं, घराच्या आड्याला, फवारणीचा पंप टांगलेला दिसत होता.

सीटवर पट्टी ठेवलेली होती. कुठं कापली नव्हती, तोडली नव्हती. वेढा न् वेढा सोडवून, धुऊन, नीट गुंडाळी करून ठेवलेली. अजून ओली होती.